आई, तुझंही मृत्युपत्र हवं

पुणे

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा पंचगंगेच्या पाण्यावर येतात आणि आई जेवलीस का विचारते. म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुम्ही म्हणता, ‘सगळीकडं नॉमिनी घातलाय की, आणि काय पाहिजे?’ नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे, एवढंच त्याने ठरतं. ते कुणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं, आणि ते नसेल तर वारसा कायदा. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2023 सालीही हेच सांगितलं. (विम्याचा नियम 2015 पासून थोडा वेगळा आहे, तो एजंटाला विचारा.)

आता तुम्ही काहीच लिहिलं नाही असं धरू. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने राजारामपुरीतल्या घराचे तीन सारखे वाटे होतील: आई, दादा आणि मी. म्हणजे ज्या घरात आईचा जन्म गेला, तिथं ती एक तृतीयांशाची वाटेकरी. उद्या तिला ते विकून लहान फ्लॅट घ्यावासा वाटला, तर आम्हा दोघांच्या सह्या लागणार. मला हे पटत नाही. घर तुमच्या कमाईचं आहे, ते कुणालाही द्यायला तुम्ही मोकळे आहात. ते आईला द्या, आणि ‘पूर्ण मालकी हक्काने’ असे शब्द घाला. आपल्याकडे सर्रास लिहितात, ‘पत्नीने हयातभर राहावे, तिच्या पश्चात मुलाकडे जावे.’ ऐकायला प्रेमळ वाटतं, पण त्यात बाईला फक्त राहायचा हक्क मिळतो, विकायचा नाही.

गावच्या रानाचं वेगळं. आजोबांकडून आलेलं, सातबाऱ्यावर काकांचंही नाव. अशा जमिनीत स्वतःचा जेवढा हिस्सा असेल तेवढाच मृत्युपत्राने देता येतो. तुमचा किती, हे जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी, बघितल्याशिवाय वकीलही सांगणार नाही. तेव्हा आधी ते काढा. 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही जन्मतः हक्क आहे. आत्यांसारखं मी हक्कसोड करावं असं तुमच्या मनात असेल, तर आत्ताच तोंडावर बोला. मी रागावणार नाही. मागाहून कुणी सह्यांना बोलावलं तर रागावेन. कारखान्याचा शेअर आणि विहिरीतली पाळी पण विसरू नका, भांडणं बहुतेक तिथंच लागतात.

आई, तू म्हणशील माझ्याकडं काय आहे. तुझ्या नावच्या ठेवी आहेत, दागिने आहेत, आणि बाबांनी लिहिलं तर उद्या घरही असेल. ते सगळं तुझं एकटीचं, तुझ्यानंतर कुणाचं हे तूच सांगायचं. म्हणून दोघांची दोन वेगळी मृत्युपत्रं करा. ‘माझे दागिने मुलांना’ एवढ्यावर भागवू नकोस. ‘कोल्हापुरी साज एक, गुजरीत घडवलेला, वजन इतके ग्रॅम, मधलं एक पान नंतर बदललेलं, हा अमुकला’ असं लिही. ठुशी आणि पाटल्यांचंही तसंच. घराला सिटी सर्व्हे नंबर घाला, नुसतं ‘राहते घर’ नको. जे लिहायचं राहील किंवा पुढे घेतलं जाईल, ते कुणाला जावं याचंही एक वाक्य असू दे.

कागदाचं म्हणाल तर सोपं आहे. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, हाताने लिहिलेलंही चालतं. तुम्ही दोन साक्षीदारांसमोर सही करायची, त्यांनी तुमच्यासमोर. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याची अट एवढीच. आत काय लिहिलंय ते साक्षीदारांना वाचायला द्यायची गरज नाही. मात्र बाबा, रंकाळ्यावर फिरायला येणारे तुमचे मित्र नकोत. ते सगळे तुमच्याच वयाचे. पुढे वाद झाला तर साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं, तेव्हा वयाने लहान आणि गावात राहणारं माणूस बघा. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीला नको. एक साक्षीदार तुमचे नेहमीचे डॉक्टर असले तर फारच उत्तम. त्याच दिवशीचा, मन आणि बुद्धी शाबूत असल्याचा दाखलाही त्यांच्याकडून घ्या.

नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे जाऊन करून टाका. त्या दिवशी मी किंवा दादा बरोबर येणार नाही, रिक्षाने जा. ज्याला मिळकत मिळणार त्यानेच पुढे होऊन कागद केला, तर कोर्ट संशयाने बघतं. मजकूरही आम्हाला दाखवू नका.

मन बदललं तर नवीन करा. नोंदवलेलं असलं तरी ते बदलता येतं, शेवटचं असेल तेच चालतं. नव्यात ‘या आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य आणि तारीख मात्र हवी. कोल्हापुरातल्या मिळकतीसाठी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला घेण्याची, सक्ती नाही, त्यामुळे मुंबईच्या मावशीकडचे जुने किस्से ऐकून घाबरू नका.

मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकर दोघांच्या नावावर आहे ना, ते आधी बघा. बाबांच्या एकट्याच्या नावावर असेल तर याच आठवड्यात आईचं नाव घालून घ्या.

तुमची,
धाकटी