आजीचं खोडू का, मॅडम?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात दहावीच्या तयारीच्या पानावर इंग्रजीच्या 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू'बद्दल, म्हणजे छापलेल्या मताविरुद्ध आपले मत लिहायच्या प्रश्नाबद्दल, दिलेला सल्ला वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहिते आहे. सल्ला असा: दिलेल्या प्रत्येक मुद्द्यासमोर त्याच्या उलट मुद्दा मांडा, मधे 'ऑन द अदर हँड' घाला, शेवट 'देअरफोर'ने करा, गुण पक्के. मी 26 वर्षे राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हाच विषय शिकवला. या सल्ल्याने लिहिलेली उत्तरे गठ्ठ्यांनी तपासली आहेत. व्ह्यूमध्ये 'मोबाइलमुळे ज्ञान वाढते' असे दिलेले असते, मूल 'मोबाइलमुळे ज्ञान वाढत नाही' असे लिहून मोकळे होते. यात त्याने एक क्षणही विचार केलेला नसतो, आणि तसा तो करू नये अशीच आपली तजवीज आहे.

एक मुलगा मला अजून आठवतो. पूर्वपरीक्षेत विषय होता, मिरवणुकीतल्या डीजेवर बंदी घालावी. बंदीच्या बाजूचे मुद्दे छापलेले, मुलांनी विरोधी बाजू लिहायची. या मुलाच्या वडिलांचाच साउंडचा धंदा. टेम्पो, जनरेटर, बेस आणि टॉपचे स्पीकर, सगळे कर्ज काढून घेतलेले. बाकी वर्गाने 'आवाजाने त्रास होत नाही', 'संस्कृती टिकते' असे लिहिले. याची पहिलीच ओळ अशी होती: माझ्या आजीला आवाजाने धडधडते, म्हणून आमचा टेम्पो आमच्याच घरासमोरून जाताना बाबा आवाज बंद करतात. त्यापुढे त्याने लिहिले होते की सीझनचे मोजके दिवस सोडले तर वर्षभर टेम्पो दारात उभा असतो, त्यावर चार पोरांचा पगार निघतो. सरसकट बंदी घालण्यापेक्षा आवाज मोजून परवाना द्या, दवाखान्याजवळ आणि म्हाताऱ्या माणसांच्या गल्लीत बंद ठेवा. इंग्रजी मोडकेतोडके होते. 'हार्टबीट'चे स्पेलिंग चुकले होते. पण उत्तर स्वतःचे होते.

पेपर ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे तपासायला होता. त्यांनी त्या पहिल्या ओळीखाली लाल रेघ मारली, समासात 'हा मुद्दा व्ह्यूचा आहे' असा शेरा दिला आणि पाचपैकी दोन गुण दिले. मी भांडले. 'बोर्डात मॉडरेटर (तपासलेले पेपर पुन्हा पाहणारा) काय म्हणेल?' एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, मग आजीचं खोडू का?" मी नको म्हणाले. बोर्डाच्या परीक्षेत त्याने काय केले, ते मी त्याला कधी विचारले नाही. विचारायचा धीर झाला नाही.

त्याच आठवड्यात मी वर्गात ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम वाचून दाखवले. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. आणि त्याच नियमांत राज्य सरकारला सूट देण्याची मुभाही आहे: सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, रात्री बारापर्यंत. मुले चकित झाली. जे त्या पोराने चार ओळींत लिहिले होते, तेच तर सरकारने कलमांत लिहिले होते.

आता इंग्रजीच्या बाजूने बोलते. दुसऱ्याचे म्हणणे मान्य करून मग आपले म्हणणे मांडायला इंग्रजीत 'ऑल्दो', 'दो' असे शब्द आहेत. आपण ते कुठे शिकवतो? व्याकरणाच्या तासाला. 'बट' काढून 'दो' घाला, एक गुण. आपल्या तोंडात 'जरी... तरी' अशी जोडी बसलेली, म्हणून मुले 'ऑल्दो' लिहून पुढे 'बट'ही लिहितात. ती चूक आपण वर्षभर खोडत बसतो. पण 'ऑल्दो'च्या पुढे समोरच्याचे खरे, सबळ म्हणणे लिहायचे असते, हे लेखनाच्या तासाला एकदाही सांगत नाही. माझा साधा नियम होता. समोरच्याचा मुद्दा असा लिहा की तो वाचून समोरचा म्हणाला पाहिजे, हो, मला हेच म्हणायचे होते. त्यानंतर आपले लिहा. वर्गात यालाच सर्वांत जास्त वेळ लागायचा, आणि लागू द्यावा.

न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसते समोरच्याचे खोडून काढायचे ती वितंडा. आपल्या पानावरचा सल्ला शब्दशः तिसऱ्या प्रकाराचा आहे. पंधरा वर्षांच्या मुलांना आपण वितंडा शिकवतो आणि वर त्याला गुण देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणि संपादक महोदय, हे मुलांपुरते राहिलेले नाही. आपल्या रविवारच्या पानावर दोन मान्यवरांचे लेख शेजारी शेजारी छापलेले असतात, एक बाजूने, एक विरोधात. मी ते मुलांना वाचायला सांगत असे, पण पुढे थांबवले. एकाने दुसऱ्याचे काही वाचल्याची खूण लेखात कुठेच दिसत नाही. दोघांनाही एकमेकांचा मजकूर आठ दिवस आधी पाठवा आणि त्यातल्या निदान एका मुद्द्याला उत्तर द्यायला सांगा. जागा थोडी जास्त लागेल. ती दहावीच्या पानावरच्या तयार उत्तरांमधून काढता येईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, कराड