मार्विट्झची भट्टी आधी कोणाची?

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला जर्मन कुंभारकामावरचा लेख आवडला. हेडविग बोलहागेन यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या भांड्यांचे कौतुक योग्यच आहे. मात्र ‘१९३४ साली त्यांनी मार्विट्झला कारखाना सुरू केला’ एवढ्या एका वाक्यावर लेख पुढे सरकतो, ते खटकले.

बर्लिनजवळच्या मार्विट्झमधली भट्टी त्याआधीही पेटत होती. बाउहाउस या जर्मनीतल्या प्रसिद्ध कलाशाळेत शिकलेल्या मार्गारेटे हायमान यांनी नवरा आणि दीर यांच्यासह १९२३ मध्ये ‘हाएल’ कार्यशाळा काढली. १९२८ मध्ये दोघे भाऊ मोटार अपघातात गेले, तरी बाईंनी धंदा मोडला नाही. त्यांची एक चहाची किटली प्रसिद्ध आहे. कानाच्या जागी दोन गोल चकत्या! धरायला अडचणीचीच असणार, पण एकदा पाहिली की विसरता येत नाही.

हायमान ज्यू होत्या. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले, काम बंद पडले आणि पुढच्याच वर्षी कारखाना खऱ्या मोलापेक्षा फार कमी पैशांत विकावा लागला. तो घेतला हाइनरिश शिल्ड याने. हा माणूस कोण, तर कारागिरांच्या राष्ट्रीय संघटनेचा सरचिटणीस! त्याच सुमारास सरकारने कारागीर संघांचे सभासदत्व सक्तीचे करून पुढारी वरून नेमायला सुरुवात केली होती. ज्या संघटनेने कारागिराच्या बाजूने उभे राहायचे, तिचाच पदाधिकारी अडचणीतल्या कारागिराची भट्टी घेतो, याला काय म्हणावे? बोलहागेन तिथल्या कलाप्रमुख झाल्या. हायमान यांचे काही आकार पुढेही नव्या रंगकामानिशी बनत राहिले. १९३५ मध्ये गोबेल्सच्या ‘डेर आंग्रिफ’ या वृत्तपत्राने मात्र हायमान यांच्या भांड्यांची जाहीर टवाळी केली. त्या १९३६ मध्ये इंग्लंडला गेल्या. शिल्ड युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या संसदेतही बसला.

बोलहागेन यांचे कर्तृत्व यामुळे कमी होत नाही. १९७२ मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने कारखाना ताब्यात घेतला, तरी त्या तिथेच राबत राहिल्या. पण लेख त्यांच्याबद्दल असला, तरी आधीच्या मालकिणीचे नाव त्यात यायलाच हवे होते. पुढच्या अंकात हायमान यांच्या त्या किटलीचे छायाचित्र छापाल का?

– एक वाचक, सांगली