जिनिव्हात आमच्या उसाची बाजू मांडणाऱ्यांसाठी

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

ऊस कारखान्याला गेला की १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, मिळाली पाहिजे, हा नियम आमच्या शिरोळ तालुक्यात पोराटोरांना पाठ आहे. याच एफआरपीवरून जिनिव्हात भारताविरुद्ध खटला चालला, हे मात्र गावात फारसं कुणाला ठाऊक नाही.

२०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. उसाचे पैसे कारखाने देतात, सरकार देत नाही, असं आपण सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये संघटनेच्या तंटा सोडवणाऱ्या पॅनेलनं ते फेटाळलं. सरकारनं भाव बांधून दिला की तो शेतीला दिलेला सरकारी आधारच, पैसे कुणाच्याही खिशातून जावोत. आणि तो संघटनेनं घातलेली उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा सलग पाच हंगाम ओलांडतो, असा निकाल आला. आपण अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेलं आहे.

साहेब, हे अचानक घडलं नव्हतं. नोव्हेंबर २०१८ मध्येच ऑस्ट्रेलियानं भारतातल्या उसाला मिळणाऱ्या आधाराचा स्वतः केलेला हिशेब संघटनेच्या कृषी समितीपुढे ठेवला होता. अशा समित्यांत इतर देश लेखी प्रश्न विचारतात आणि आपलं स्थायी मिशन, म्हणजे तिथलं भारताचं प्रतिनिधी कार्यालय, उत्तर देतं. ते उत्तर कायमचं नोंदलं जातं. निर्णयांची रीत तर आणखी कडक आहे: बैठकीला हजर असलेल्या एकाही सदस्यानं उघड हरकत घेतली नाही, तर एकमत झालं असं धरतात. १६६ सदस्यांच्या संघटनेत एकाच दिवशी दोन-तीन बैठका असल्या आणि आपला माणूस एकीतच बसला, तर दुसरीकडे आपली हरकत नोंदवणार कोण?

म्हणून मागणी अशी, की मिशनमध्ये माणसं वाढवा. त्यांत ऊस, कापूस आणि सहकारी साखर कारखानदारी जाणणारा एक तरी कृषी अर्थतज्ज्ञ असू द्या, आणि त्याला विषय अंगवळणी पडेपर्यंत बदलू नका. उसाबद्दलचा प्रश्न आला की उत्तर देण्याआधी साखर संघ आणि शेतकरी संघटनांना विचारा. तिथं सगळा कारभार इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये चालतो. आपण दिलेलं उत्तर आम्हाला मराठीत मिळावं, म्हणजे पुढच्या गाळप हंगामाआधी त्यावर आमचं म्हणणं कळवता येईल.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर