वेग वाढवण्याआधी रांग लावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरातल्या इंटरनेटची तक्रार केली की कंपनीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ‘वरचा प्लॅन घ्या.’ या सल्ल्याने खर्च वाढतो आणि तक्रार जिथल्या तिथे राहते, हे स्वानुभवावरून लिहीत आहे.

माझी पत्नी रात्री आठ ते साडेनऊ दहावीच्या मुलांची गणिताची ऑनलाइन शिकवणी घेते. आमची जोडणी 30 एमबीपीएसची आहे आणि व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. तरीही पावणेनऊ वाजले की तिचा आवाज तुटू लागे, समीकरण पडद्यावर अर्धवट थिजे आणि ‘बाई, ऐकू येत नाही’ असे मुलांचे संदेश सुरू होत. राउटर उंचावर हलवला, 5 गिगाहर्ट्झचा पट्टा निवडला, महिनाभर 50 एमबीपीएसचा प्लॅनही घेतला. त्रासाचा काळ थोडा आखडला, इतकेच. अखेर एका रात्री लॅपटॉपवर पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणारी चाचणी, चालू ठेवले. एरवी 15-20 मिलिसेकंदांत येणारे उत्तर, मुलगा क्लासहून घरात शिरताच, 800 मिलिसेकंदांवर गेले. त्याचा फोन वाय-फायला जोडला जाऊन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागला होता.

म्हणजे वेग पुरेसा होता, रांग लांबत होती. 30 एमबीपीएसच्या वाटेवर 3 मेगाबाइट माहिती आधीच तुंबली असेल, तर तिच्यामागे आलेल्या आवाजाच्या इवल्याशा तुकड्याला 0.8 सेकंद ताटकळावे लागते, आणि बोलणे तुटायला एवढा विलंब पुरेसा असतो. या दोषाला ‘बफरब्लोट’ म्हणतात. त्यावरचा ‘कोडेल’ हा, रांग लांबू न देणारा उपाय कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये मांडला, आणि त्यावर आधारलेली, प्रत्येक संवादाला वेगळी रांग देणारी पद्धत 2018 मध्ये आरएफसी 8290 या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. ती लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीत विनामूल्य उपलब्ध आहे. इतका जुना आणि फुकटचा उपाय घराघरांतल्या राउटरमध्ये चालू नसावा, याची मला खरोखर खंत वाटते.

कोणत्या उपकरणाची माहिती आधी जावी हे ठरवणारी ‘क्यूओएस’ नावाची सोय अनेक राउटरमध्ये असते, पण नुसता प्राधान्यक्रम लावून भागत नाही. आम्ही लॅपटॉपला पहिला क्रमांक दिला, तरी काही बदलले नाही. कारण रांग राउटरमध्ये लागतच नव्हती, ती त्याच्या पुढच्या फायबरच्या डबीत लागत होती. राउटरवर वेगाची मर्यादा 30 ऐवजी 27 केली, तेव्हा रांग राउटरच्या हाती आली. त्या रात्रीपासून फोनचे फोटो चढत असतानाही पिंग 40 मिलिसेकंदांच्या आत राहते. दहा टक्के वेग सोडला आणि शिकवणी सुरळीत झाली.

मात्र हे करण्यासाठी आम्हाला पदरमोड करून स्वतःचा राउटर घ्यावा लागला, कारण कंपनीने दिलेल्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड वारंवार मागूनही मिळाला नाही. ज्या यंत्राचे भाडे ग्राहक भरतो, त्याची सेटिंग त्यालाच बंद असणे अन्यायकारक आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये ब्रॉडबँडच्या व्याख्येतला किमान डाउनलोड वेग 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर नेला, हे स्वागतार्हच आहे. परंतु जोडणी पूर्ण भरलेली असताना विलंब किती होतो, हे वेगाच्या आकड्यातून कळत नाही. तो विलंब प्लॅनच्या माहितीत छापणे, राउटर देतानाच रांगेचे नियोजन चालू ठेवणे आणि पासवर्डसह मराठीत माहितीपत्रक देणे ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक