पल्लवीच्या फोडांसाठी दिव्यांचा मुखवटा

वर्धा
12 नोव्हेंबर

प्रिय गजानन,
सप्रेम नमस्कार.

ऐन वेचणीत चार पानांचं पत्र! त्यातली तीन कापसाच्या भावावर, अन् शेवटी विचारलंस की पल्लवीसाठी तो निळ्या-लाल दिव्यांचा मुखवटा मागवू का. भावाचं मी काय सांगणार बाप्पा, मुखवट्याचं सांगतो.

आधी तिला अंगणात उजेडात बसवून चेहरा नीट पाहा. लाल, ताजे, पू धरलेले फोड असतील तर प्रकाशाचा थोडाफार उपयोग होतो. नुसती काळी-पांढरी टोकं असतील तर फारसा नाही. जबड्यावर दुखणाऱ्या खोल गाठी असल्या तर मुखवट्याच्या नादी लागूच नको, त्या खड्डे पाडून जातात. त्याला डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळ्या लागतात. पाळी मागेपुढे होत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तेही डॉक्टरला सांगायला लाव.

फोडातले जंतू पॉर्फिरिन नावाचं द्रव्य तयार करतात. 415 नॅनोमीटरच्या (हे प्रकाशलहरीच्या लांबीचं माप) आसपासचा निळा प्रकाश पडला की त्यातून ऑक्सिजनचं जहाल रूप निघतं आणि जंतू आपल्याच मालानं मरतो. 630 ते 660 चा लाल प्रकाश जरा खोल जातो, सूज उतरवतो. सात रंगांच्या मुखवट्यातले बाकीचे रंग गणपतीच्या रोषणाईला बरे. तेलग्रंथी मात्र होत्या तशाच राहतात, म्हणून बंद केलं की फोड पुन्हा डोकं काढतात.

खरी मेख मात्रेत आहे. दवाखान्यातल्या निळ्या दिव्याची ताकद चौरस सेंटिमीटरला 40 मिलिवॅट धरली, तर 20 मिनिटांत तेवढ्या जागेवर 48 जूल ऊर्जा पडते. असे आठवड्यातून दोनदा, चार आठवडे देतात. आता 5 मिलिवॅटचा मुखवटा 10 मिनिटं लावला तर? 600 सेकंद गुणिले 5, म्हणजे 3000 मिलिजूल, फक्त 3 जूल. खोक्यावर '150 एलईडी' असं ठळक छापतात, पण नॅनोमीटर आणि मिलिवॅट हे दोन आकडे नसले तर ते खोकं दुकानातच राहू दे. ब्रिटनमध्ये 2000 साली छापलेल्या एका अभ्यासात रोज 15 मिनिटं, 12 आठवडे निळा-लाल प्रकाश दिल्यावर सुजलेले फोड सरासरी 76 टक्क्यांनी सुधारले. पण 2016 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या संस्थेनं असे 71 अभ्यास एकत्र तपासले तेव्हा ठाम काही म्हणता येईल इतका चांगला पुरावा सापडला नाही. म्हणून मी याला जोडउपाय म्हणतो, औषध नाही.

तरी घेतलाच, तर चेहरा साध्या फेसवॉशनं धुऊन पूर्ण कोरडा करायचा. क्रीम, पावडर, सनस्क्रीन काही नको, त्यांत प्रकाश अडतो. भारनियमनात अर्धवट चार्ज झालेल्या यंत्राचे दिवे मंद पडत असतील तर वेळ तेवढीच अन् मात्रा कमी. नुसते डोळे मिटून भागत नाही, यंत्राबरोबरचा गॉगल लावायचाच. 2019 मध्ये न्यूट्रोजिना कंपनीनं आपला मुखवटा बाजारातून परत घेतला, तो डोळ्यांचे काही आजार असलेल्यांना आणि प्रकाशाचा त्रास वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना धोका नको म्हणून. फोडांसाठी सर्रास लिहून देतात ती डॉक्सिसायक्लिनची गोळी त्याच जातीची, चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय दिवा नको. वावरातून उन्हात तापून आल्या आल्याही लावायचा नाही.

आपल्या सावळ्या कातडीचा एक वेगळाच घोळ आहे. निळा-जांभळा प्रकाश रंगद्रव्य वाढवतो. फोड गेला, काळा डाग राहिला, अन् दिव्यानं तोच आणखी गडद झाला, असं होतं. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा. डाग गडद होताना दिसले की निळा बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती मेडिकलमधून आणून गोरं व्हायची ट्यूब लावून राहिली का? ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांतलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, आणि फोड त्यानंही येतात. 2018 पासून अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, तरी काउंटरवरून सर्रास जातात. सोडल्यावर चेहरा आधी लाल होऊन भडकतो, मग घाबरून पोरी पुन्हा तीच लावतात अन् तिथंच अडकतात. जुनी सवय असेल तर डॉक्टरच्या सल्ल्यानं सोडवा.

त्या मुखवट्याच्या पैशात महिनोन् महिन्यांचं औषध येईल. साध्या फोडांना सहसा 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रात्री 0.1 टक्का ॲडापलीन, अशी लावायची औषधं देतात. ॲडापलीन मटाराएवढं, सगळ्या चेहऱ्यावर, सुरुवातीला एकाआड एक रात्री. पहिले काही आठवडे कातडी सोलते, फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. पेरॉक्साइडनं उशीचे अभ्रे अन् दुपट्टे पांढरे पडतात, वहिनींना आधीच सांगून ठेव. कपाळावर तेल उतरू देऊ नका, वेचणीला बांधते तो दुपट्टा रोज धुतलेला हवा.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, तिथं दाखवून घे. येताना तिच्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणा, संपलेल्यासुद्धा.

तुझा,
विजय