कॅल्व्हिनवर टीका जरूर करा, पण आधी वाचा तरी

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला, सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्यावरचा लेख वाचला आणि माझा कालचा अख्खा दिवस त्यात गेला. लेखक महाशयांच्या मते कॅल्व्हिनच्या वाटेने जाणारे ख्रिस्ती लोक माणसाला नखशिखांत नीच समजतात आणि म्हणून चांगलं वागायचा प्रयत्नच सोडून देतात. आमच्या घरात तीन पिढ्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्व्हिनच्याच वाटेच्या. प्रयत्न सोडलेला एकही माणूस मला आठवत नाही. उलट त्यांनी तो जरा कमी केला असता, तर आमचं लहानपण थोडं हसतंखेळतं गेलं असतं.

'हे विचार आपल्या मातीत कुणी ऐकलेही नाहीत' असंही एक वाक्य आहे. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन इंदुरात 1877 साली आलं आणि दहा वर्षांत त्यांचं कॉलेजही उभं राहिलं. लेखकांनी छावणीत एक चक्कर मारली असती तरी पुरे होतं. 1647 सालच्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरावलीतले 107 प्रश्न आम्ही शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, घोकले आहेत, आणि अठराव्या प्रश्नाला अडखळलं की पहिल्यापासून परत सुरुवात. तो अठरावा नेमका माणसाच्या पापी अवस्थेवरचाच.

आता चुका. कॅल्व्हिनपंथाच्या शिकवणीचे ते पाच मुद्दे कॅल्व्हिनने जिनिव्हात बसून लिहिले म्हणे! तो 1564 साली वारला. मुद्दे ठरले 1618-19 साली हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेत, तेही आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी 1610 साली मांडलेल्या पाच कलमांना उत्तर म्हणून. गंमत म्हणजे माणूस आपल्या बळावर देवाकडे वळू शकत नाही, हे त्या विरोधकांच्या तिसऱ्या कलमातही मान्यच आहे. भांडण होतं ते देवाची कृपा माणसाला नाकारता येते की नाही, यावर. दुखणं दोघांनाही कबूल, वाद औषधावरून.

आणि त्या पाचांतली 'समूळ भ्रष्टता' म्हणजे माणूस होता होईल तेवढा वाईट, असं कोणी म्हटलेलं नाही. बुद्धी, इच्छा, भावना, कुठलाच कोपरा पापापासून सुटलेला नाही, इतकंच म्हणणं आहे. दुधात मिठाचा खडा पडला तर दुधाचं विष होत नाही, पण वरचं गोड आणि खालचं खारट असं निवडूनही काढता येत नाही. खुद्द कॅल्व्हिन जुन्या ग्रीक-रोमन कायदेपंडितांचं, वैद्यांचं कौतुक करतो आणि ते ज्ञान देवाचंच देणं मानतो. हे लेखात नाही. जागेअभावी राहिलं असेल. (माझं मागचं पत्र आपण जागेअभावीच निम्मं कापलं होतं. राशिभविष्याला मात्र अर्धं पान कसं मिळतं, तेही एकदा कळवावं.)

पण खरा राग आला तो यासाठी लेखात वापरलेल्या 'आत्मिक अपंगत्व' या शब्दाचा. अपंग माणसाला जायचं असतं, पाय साथ देत नाहीत. इथे सगळं उलटं आहे, आणि ते मी घरात पाहिलंय.

माझे वडील मंडळीतले वडील होते, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळातले. आजी गेल्यावर तिच्या शिवणयंत्रावरून त्यांचं आणि काकांचं बिनसलं. काकांचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, जेमतेम साठ पावलं. अकरा वर्षं बोलणं नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या रविवारी लहान लहान पेल्यांचं तबक घेऊन वडील बाकांमधून फिरत. काकांचा बाक आला की तबक बाकाच्या दुसऱ्या टोकाला द्यायचे, म्हणजे ते चार हातांतून फिरून काकांपर्यंत पोचायचं. पेले एकमेकांवर किणकिणायचे, कारण तेवढ्यापुरता वडिलांचा हात थरथरायचा. हात काकांकडे मात्र कधी गेला नाही.

आई म्हणायची, "अहो, एकदा जाऊन या." वडील म्हणायचे, "कळतं गं सगळं, पण जाववत नाही."

हेच वडील रोज पहाटे चालत चालत पार राजवाड्यापर्यंत जायचे, म्हणजे पाय धडधाकट. त्यांना 'जाता येत नव्हतं' असं कोण म्हणेल? 'जाववत नव्हतं.' आपल्या मराठीत हा फरक क्रियापदातच आहे. अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्स या धर्मपंडिताला नैसर्गिक असमर्थता आणि नैतिक असमर्थता वेगळ्या करून सांगायला 1754 साली अख्खा ग्रंथ लिहावा लागला. जाववत नाही म्हणून दोष जात नाही, कारण अडवणारं दुसरं कोणी नसतं, आपलंच मन असतं. लेखकांनी मराठी शब्द मराठीतच शोधला असता, तर अपंगांचाही अपमान टळला असता.

शेवटी 'आमच्या परंपरेत माणूस मुळात निर्मळच' म्हणून इंदूरच्या स्वच्छतेचा दाखला दिला आहे. आमच्या शेजारच्या काकू रोज पूजेनंतर स्वतःभोवती प्रदक्षिणा घालताना 'पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः' म्हणतात, भिंतीतून मला स्पष्ट ऐकू येतं. त्यांचा आणि कॅल्व्हिनचा अर्थ एकच आहे असं मी म्हणत नाही, पण 'पापसंभव' हा शब्द जिनिव्हाहून आलेला नाही. राहिलं शहर. 2017 पासून वर्षानुवर्षं देशातल्या स्वच्छ शहरांत आपला नंबर पहिला आला, अभिमानच आहे. पण माणूस मुळातच निर्मळ असता, तर रोज सकाळी गाणं वाजवत कचरागाडी का फिरवावी लागते आणि थुंकणाऱ्यांकडून दंड का घ्यावा लागतो?

अकराव्या वर्षी वडील एका संध्याकाळी भर पावसात, छत्री न घेता, काकांकडे गेले. का गेले, हे आईने पुष्कळदा विचारलं. "मी कुठे गेलो, नेलं कोणीतरी," एवढंच म्हणायचे. दोघे भाऊ शेवटपर्यंत एका बाकावर बसले.

शिवणयंत्र मात्र अजून काकांच्या सुनेकडे आहे. आजीने ते माझ्या आईला दिलं होतं, एवढं या निमित्ताने नमूद करते. कृपया ही ओळ कापू नये.

आपली,
एक जुनी वाचक
छावणी, इंदूर