भूगोलाचे प्रकल्प रद्दीत का जावेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकात करिअरचे पान येते. अभियांत्रिकी, फार्मसी, नर्सिंग, अलीकडे एआय. भूगोल आलाच तर स्पर्धा परीक्षेच्या रकान्यात, ‘स्कोअरिंग विषय’ म्हणून. माझी पुतणी तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.ला भूगोल शिकते. तिला गावात विचारतात, ‘‘भूगोल घेऊन का करतं वो माय? मास्तरकीबी भेटत नाही आता.’’

आम्ही दर्यापूर तालुक्यातले, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. विदर्भातल्या बहुतेक नद्या वर्धा-वैनगंगेच्या वाटेने गोदावरीला मिळतात; पूर्णा मात्र पश्चिमेला तापीकडे निघते. तिच्या खोऱ्यात गाळाचे जाडजूड थर आहेत आणि त्यात मुरलेले पाणी खारे. विहिरीत पाणी असते, पण ते पिकाला दिले की जमीन चोपण होते. ओली असली तर पाय रुतून बसतो, वाळली की ढेकूळ कुदळीने फुटत नाही, आणि पाऊस पडला तर पाणी मुरण्याऐवजी वरच साचते. त्यामुळे विहीर असूनही शेती कोरडवाहू: कपाशी, तूर, मूग आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा. प्यायला शहानूर धरणाचे पाणी नळाने येते. ते अडले की पुन्हा विहीर. मुतखड्याची आणि किडनीची दुखणी इथे कोणाला नवी नाहीत. सोयरीक जुळवताना मुलीकडचे आधी पाण्याची चौकशी करतात. आमच्याच जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडे पाणी गोड, तर संत्र्यासाठी ते इतके उपसले की बोअर खोल खोल चालले आहेत. माती, पाणी, पीक, आजार आणि लग्न यांचा असा एकमेकांशी संबंध लावणे, हाच मानवी आणि पर्यावरण भूगोलाचा अभ्यास नव्हे काय?

वर्गात मात्र नोट्स उतरवून घेणे चालते. लोकसंख्या संक्रमणाचे टप्पे आणि शहराभोवती कोणते पीक कुठे घेतात हे सांगणाऱ्या जर्मन वॉन थ्युनेनची वर्तुळे पाठ. वॉन थ्युनेन शिकवू नका, असे मी म्हणत नाही. शहराच्या सगळ्यात जवळच्या वर्तुळात भाजीपाला आणि दूध असते, असे तो 1826 मध्ये सांगून गेला. पोरांना दर्यापूरच्या बाजारात नेऊन भाजी कुठून येते ते विचारायला लावा. (बरीच भाजी लांबून गाडीने येते, कारण जवळच्या विहिरी खाऱ्या. सिद्धांत कुठे अडतो, हेही त्यात कळून जाईल.)

माझी खरी तक्रार ग्राम सर्वेक्षणाची आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांनी एक गाव निवडायचे, घरोघरी प्रश्नावली भरून घ्यायची, अहवाल लिहायचा, अशी ही पद्धत. प्रत्यक्षात मागच्या वर्षीची फाइल झेरॉक्सच्या दुकानात मिळते. गावाचे नाव बदलले की काम झाले. तोंडी परीक्षा आटोपली की ती फाइल कपाटात आणि पुढे रद्दीत जाते.

पुतणीच्या गटाला यंदा तासिका तत्त्वावरच्या एका सरांनी झेरॉक्सच्या दुकानाकडे फिरकू दिले नाही. पाण्यातले क्षार मोजणारे पेनाएवढे टीडीएस मीटर घेऊन पोरे गावच्या विहिरींवर गेली. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. मारुतीच्या पारामागच्या विहिरीने दोन्ही मर्यादा ओलांडल्या. पावसाचे पाणी साठवलेल्या शेततळ्यातला आकडा 500 च्या पुष्कळ खाली होता. मग पोरांनी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 55 एच गटातल्या 1:50,000 च्या नकाशावर आमचे शिवार शोधले आणि क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये विहिरी रंगवून काढल्या. हिरवी, म्हणजे मर्यादेतली, एकही नाही. सरपंचांनी तो नकाशा पाहिला तेव्हा पहिला प्रश्न हाच केला, ‘‘मग शेततळं कोन्या बाजूनं घ्यावं?’’

हे सर पुढच्या वर्षी असतील की नाही, ते त्यांनाही ठाऊक नाही. कायम जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आणि पगार तासांवर, मग पोरांना उन्हातान्हात शिवारात कोण घेऊन जाणार? अभ्यास दौरा मात्र दरवर्षी निघतो, महाबळेश्वर नाहीतर कोकणात.

विद्यापीठांनी एवढे करावे. ग्राम सर्वेक्षणाची प्रत ग्रामपंचायतीत जमा केल्याशिवाय गुण देऊ नयेत, आणि पुढच्या वर्षीच्या गटाने त्याच विहिरी पुन्हा मोजाव्यात. दहा वर्षांत प्रत्येक महाविद्यालयाजवळ आसपासच्या गावांची अशी नोंद तयार होईल, जी आज तालुक्याच्या कोणत्याही टेबलावर मागून मिळत नाही. गडचिरोलीकडच्या महाविद्यालयांना तर हे काम जास्तच जवळचे आहे. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा दाव्यात गावाची पारंपरिक सीमा नकाशावर दाखवावी लागते आणि पुढे जंगलाचा आराखडाही करावा लागतो. ते काम येणारा पोरगा गावातलाच असला तर ग्रामसभेला बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागत नाही. भूगोल घेऊन काय करते, याचे मला तरी हेच उत्तर सुचते.

एक विनंती आपल्यालाही. दर उन्हाळ्यात तालुक्याच्या पानावर रिकाम्या हंड्यांचे फोटो येतात. त्याच्या बाजूला त्या तालुक्यातल्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी मोजलेली विहिरींची पातळी आणि क्षार छापायला दोन इंच जागा द्याल का? यंदाचे आकडे पुतणी पाठवायला तयार आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती